शेवट कोणी लिहिला?

हुकूमशहा फ्रान्कोच्या स्पेनमध्ये पटकथा आधी सेन्सॉरच्या टेबलावर जायची आणि मग सेटवर. त्यामुळे त्या काळातला एखादा गाजलेला चित्रपट पाहून झाला की हटकून प्रश्न पडतो: हा शेवट दिग्दर्शकाचा की सरकारचा?

हुआन अन्तोनिओ बार्देमचा १९५५चा ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’ घ्या. चोरून भेटणारं जोडपं मोटारीनं एका सायकलस्वाराला उडवतं. तो जिवंत असतो, पण बिंग फुटेल म्हणून दोघं त्याला तसाच टाकून निघून जातात. मग संशय, धमक्या, श्रीमंतांच्या पार्ट्या. रहस्यपट म्हणून सगळं चोख आहे. पण परपुरुषाच्या नादी लागलेली बायको सुटता कामा नये, असा सेन्सॉरचा आग्रह होता. म्हणून शेवटी दुसऱ्या सायकलस्वाराला वाचवताना तिची गाडी पुलावरून कोसळते. हा न्याय जरा घाईचाच वाटतो.

दिग्दर्शक बुन्युएलनं मात्र अशाच आक्षेपाचं सोनं केलं. ‘विरिदियाना’मधली (१९६१) जोगीण होऊ घातलेली नायिका भिकाऱ्यांना आसरा देते आणि त्यांच्याकडूनच उद्ध्वस्त होते. मूळ पटकथेत ती शेवटी नात्यातल्या भावाच्या खोलीत शिरते आणि दार बंद होतं. सेन्सॉरला ते अश्लील वाटलं. मग बुन्युएलनं खोलीत मोलकरणीलाही बसवलं आणि तिघांना पत्ते खेळायला लावले. आता दार बंद होत नाही, पण दोघांच्या जागी तिघं झाले! चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो स्वीकारायला मंचावर गेलेल्या सरकारी चित्रपट संचालकाची नोकरी गेली आणि स्पेनमध्ये चित्रपटावर १९७७पर्यंत बंदी राहिली.

या सगळ्यांत माझा कौल दिग्दर्शक बेर्लांगाच्या ‘एल वेर्दुगो’ला (१९६३). वेर्दुगो म्हणजे जल्लाद. बेर्लांगाबरोबर त्याची पटकथा लिहिणाऱ्यांत राफाएल आस्कोना होता. त्याच्या गोष्टींत माणसं साध्या घरगुती गरजेपायी फसतात. इथं गरज आहे ती फ्लॅटची.

होसे लुइस प्रेतं वाहून नेण्याचं काम करतो, म्हणून कुठली मुलगी त्याच्याजवळ टिकत नाही. कार्मेनचा बाप जल्लाद, म्हणून तिच्याजवळ कुणी टिकत नाही. दोघांचं जमतं, दिवस जातात, लग्न होतं. म्हाताऱ्याला सरकारी नोकर म्हणून नवा फ्लॅट मिळणार असतो, पण तो आता निवृत्त होणार. फ्लॅट हवा तर जावयानं ती नोकरी धरायची. सही करताना काय, देहदंड देण्याची वेळ थोडीच येणार आहे? बिचारा रस्त्यावरची भांडणंसुद्धा सोडवू लागतो. न जाणो, कुणी कुणाचा खून केला तर!

शेवटी मायोर्का बेटावरून बोलावणं येतंच. आयतीच सहल म्हणून सगळं कुटुंब निघतं. नवराबायको पर्यटकांसोबत गुहेतल्या तळ्याकाठी संगीत ऐकत बसलेले असताना अंधारातून होडी येते. तीत पोलीस असतात, आणि ते कर्ण्यातून होसे लुइसच्या नावाचा पुकारा करत असतात. मग तुरुंगातलं एक मोठं, रिकामं, पांढरं दालन. कैदी पुढे चालतो आहे. त्याच्या मागून जल्लादाला मात्र चौघांनी धरून ओढत न्यावं लागतं.

इथं ना भाषण, ना निषेध. वरकरणी ही घरजावयाची विनोदी गोष्ट आहे. त्यामुळे काटछाट होऊनही तिचा कणा शाबूत राहिला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माद्रिदला दोन अराजकवाद्यांना गळा आवळणाऱ्या लोखंडी यंत्रानं देहदंड दिला गेला होता. त्यानंतर काही दिवसांतच चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात पोचला. पटकथा तपासणाऱ्यांना न दिसलेलं इटलीतल्या स्पॅनिश राजदूताला लगेच दिसलं. ही देशाची बदनामी आहे, असं संतप्त पत्र त्यानं माद्रिदला धाडलं. समीक्षक म्हणून त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.