कुत्रा निवडताना आधी नाक बघा

घरात कुत्रा आणायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो जातीचा. मुलांनी मोबाइलवर हस्कीचे व्हिडिओ पाहिलेले असतात, समोरच्या इमारतीत कुणाकडे तरी गोल्डन रिट्रीव्हर असतो आणि बाबांच्या मनात लहानपणी वाड्यात पाहिलेला अल्सेशियन अजून भुंकत असतो. मग चौकशी सुरू होते. शांत जात कोणती? लहान मुलांशी कोणती जमवून घेते? राखण कोणती करते? सगळे प्रश्न स्वभावाचे. कुत्र्याच्या शरीराबद्दल सहसा कुणी विचारत नाही. गंमत अशी, की जातीवरून स्वभावाचा अंदाज फारसा बांधता येत नाही, शरीराचा मात्र चांगलाच बांधता येतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या घामट ऑक्टोबरमध्ये कुत्रा कसा जगेल, हे त्याचं शरीरच ठरवतं.

आधी स्वभावाचं पाहू. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागण्याबद्दलच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी केली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जातीमुळे पडणारा वाटा सरासरी ९ टक्केच निघाला. माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या एखाद्या गुणात जातीचा हात थोडा जास्त दिसला. चटकन चिडणं, अंगावर जाणं यात तो जवळपास दिसलाच नाही. म्हणजे लॅब्रेडॉर आहे म्हणून तो मायाळूच असेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पिल्लाचे पहिले तीन-चार महिने कसे गेले, त्याला माणसं, मुलं, आवाज यांची सवय कशी लागली, याला फार महत्त्व आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. कायद्याचा वाद बाजूला ठेवू. पण चाळीस किलोचा कुत्रा एकदाच चावला तरी काय होतं, हे सांगायला जनुकशास्त्र लागत नाही. घरात आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल, तर आकाराचा विचार स्वभावाच्या आधी करावा, असं माझं मत आहे.

आता शरीर. माणसाला गरम झालं की सर्वांगाला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला तशी सोय नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात आणि तेवढ्याने काही भागत नाही. कुत्रा थंड होतो तो धापा टाकून. एरवी मिनिटाला पंधरा ते तीस वेळा श्वास घेणारा कुत्रा गरम झाल्यावर दोनशे-तीनशे वेळा उथळ श्वास घेऊ लागतो. ही हवा नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्यावरून जाते, ओलावा उडतो आणि तिथलं रक्त थंड होऊन अंगभर फिरतं. नाकाच्या आत कागदाच्या गुंडाळीसारखी वळलेली पातळ हाडं असतात आणि त्यांच्यावर ओलसर त्वचेचं अस्तर असतं. नाक जितकं लांब, तितकी ही गुंडाळी मोठी. आपल्या खिडकीतल्या कूलरची जाळी जे काम करते, तेच काम कुत्र्याचं नाक करतं.

कूलरचा स्वभाव विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. हवा कोरडी असेल तोवर तो झकास चालतो, दमट हवेत नुसता वारा देतो. म्हणूनच कोकणात किंवा मुंबईत पारा ३२-३३ अंशांवर असतानाही कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, त्याच हवेत कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावाही उडत नाही.

ही जाळीच कापून टाकलेला कुत्रा म्हणजे पग. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे दुडुदुडु चालणारा पग आला आणि गावोगावी त्याला मागणी आली. चपटा चेहरा, बटबटीत डोळे, कपाळावर सुरकुत्या. तान्ह्या बाळासारखा दिसतो म्हणून तो आवडतो. तो चेहरा मिळवण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड नाकाच्याच कुत्र्यांची निवड केली. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. त्यामुळे नाकपुड्या चिमटलेल्या असतात, टाळूचा मागचा मऊ भाग लांबून श्वासाच्या वाटेत लोंबतो आणि नाकातली गुंडाळी दाटीवाटीने कोंबलेली राहते. पग घोरतो तेव्हा घरातले कौतुकाने व्हिडिओ काढतात. खरं तर तो त्या वेळी श्वासासाठी झगडत असतो. पगबरोबर बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज, बॉक्सर आणि काही प्रमाणात शिह त्झू याच माळेतले.

ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या नोंदींवरून २०२० मध्ये कोणत्या कुत्र्यांना उष्णतेचा त्रास अधिक होतो, हे मोजलं गेलं. लॅब्रेडॉरच्या तुलनेत पगला हा धोका तिप्पट, फ्रेंच बुलडॉगला साडेसहा पट आणि बुलडॉगला जवळजवळ चौदा पट निघाला. हा ब्रिटनचा हिशेब आहे, जिथे तीस अंश तापमान झालं की बातमी होते. आपल्याकडे अकोला किंवा चंद्रपूरला काय होत असेल, याची कल्पना करा. ब्रिटनमधल्याच आणखी एका अभ्यासाने २००८ मध्ये दाखवलं, की तिथले सुमारे दहा हजार पग आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम पन्नास वेगळ्या कुत्र्यांएवढे आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळी सोयरीक एकाच वाड्यात. नेदरलँड्सने तर कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्यांची पैदासच बंद केली आहे. आपल्याकडे मात्र पगचं पिल्लू आजही ‘फ्लॅटसाठी उत्तम’ म्हणून विकलं जातं.

दुसरं टोक हस्कीचं. त्याचं नाक चांगलं लांब असतं, पण अंगावर कातडीलगत दाट लोकर आणि तिच्यावर लांब केस असा दुहेरी कोट असतो. सायबेरियाच्या थंडीत स्लेज ओढायला घडवलेलं ते शरीर. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने धावत सुमारे हजार किलोमीटरवरून औषध पोहोचवलं होतं. त्या धावपटूला पुण्यातल्या दोन खोल्यांत एसी लावून बसवायचं, आणि वीज गेली की काय करायचं? काही जण उन्हाळ्यात हस्कीचे केस पार भादरून टाकतात. त्याने ऊन थेट कातडीवर येतं आणि नंतर केस नीट उगवतीलच असंही नाही. सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ यांचीही तीच कथा. ब्रिटनच्या त्या अभ्यासात सगळ्यांत वाईट आकडा चाऊ चाऊचाच होता, सुमारे सतरा पट.

मग लॅब्रेडॉर? परदेशी जातींमध्ये तो आपल्या हवेत त्यातल्या त्यात तग धरतो. पण त्याची भूक ही खरोखरच अंगातली खोड आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चारपैकी एका लॅब्रेडॉरमध्ये भूक शमल्याचा निरोप देणारं एक जनुक मोडकं असतं. त्याला पोट भरल्याचं कळतच नाही. तो ताटाकडे केविलवाणं बघतो, आजी पोळीचा तुकडा टाकते आणि पाच वर्षांत कुत्रा पिंपासारखा होतो. आधीच या जातीत कमरेच्या सांध्यांचं दुखणं आनुवंशिक. त्यात वजनाचा बोजा. जर्मन शेफर्डलाही सांध्यांचा हाच धोका आहे. या जातींचं पिल्लू घेताना आई-बापांच्या कंबरेचे एक्स-रे मागावेत. विकणारा हसला तर दुसरीकडे जावं.

देशी जातींकडे वळलं की हवेचा प्रश्न बराच सुटतो आणि दुसरेच प्रश्न उभे राहतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, तो उन्हाळ्यासाठीच घडलेला आहे. लांब नाक, आखूड केस, चरबी नावाला नाही. टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचं तिकीटही काढलं. पण हा शिकारी कुत्रा आहे आणि तो नजरेने शिकार करतो. समोरून मांजर पळालं की तुमची हाक त्याच्या कानावर पडत नाही. त्याला रोज मोकळं पळायला जागा हवी. शेत असेल, कुंपण असेल, तर याच्यासारखा सोबती नाही. चौथ्या मजल्यावर मात्र तो कैदीच. शिवाय त्याच्या फासळ्या दिसतात म्हणून ‘याला खायला घालत नाही का’ असं येणारे-जाणारे विचारणार, त्याची तयारी ठेवावी.

राहिला आपला गावठी कुत्रा. या हवेत शेकडो पिढ्या टिकून राहिलेला, मध्यम आकाराचा, लांब नाकाचा, आखूड केसांचा. कुणी त्याची ठरवून पैदास केली नाही, त्यामुळे बंद सोयरिकीतून येणारे आजार त्याच्यात कमी. फ्लॅटमधल्या बहुतेक कुटुंबांसाठी हाच सगळ्यांत शहाणपणाचा पर्याय आहे, असं मी म्हणेन. तो भोळा असेल असं मात्र समजू नका. अनोळखी माणसावर तो पटकन विश्वास टाकत नाही, दाराशी खुट्ट झालं तरी भुंकतो, आणि लहानपणी माणसांत वाढला नसेल तर बुजरा राहतो. गोचीड ताप, पार्व्हो, रेबीज हे आजार त्यालाही होतात. ‘गावठी आहे, त्याला काय होतंय’ म्हणून लस टाळणं धोक्याचं आहे.

पिल्लू कोणतंही असो, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकणं बेकायदा आहे. तरी महिन्याभराची पिल्लं ‘लवकर माणसाळतात’ म्हणून सर्रास खपवली जातात. उलट अशी पिल्लं आईकडून आणि भावंडांकडून चावा आवरायला शिकलेलीच नसतात. पिल्लाची आई समक्ष बघावी. वंशावळीचं प्रमाणपत्र आई-बापांची नावं सांगतं, तब्येतीबद्दल एक अक्षर सांगत नाही. पहिल्या दोन दिवसांत पशुवैद्यांकडे नेऊन जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक लिहून घ्यावं. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी, साधारणपणे दरवर्षी.

आणि ज्यांच्या घरी पग आधीच आहे, त्यांनी काय करावं? त्याचं वजन वाढू देऊ नका, कारण गळ्याभोवतीची चरबी आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरा. फिरायला सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावरच न्या; निघण्याआधी रस्त्यावर हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून बघा. रात्री झोपेतून गुदमरून उठत असेल, तर पशुवैद्यांना विचारा. नाकपुड्या आणि टाळू मोकळे करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक किंवा निळसर दिसत असतील, लाळ दाट झाली असेल, तोल जात असेल, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा आणि पंख्याखाली धरा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने आतली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. अंग थंड करायला आधी सुरुवात करा आणि मग दवाखान्याकडे निघा, गाडीतला एसी पूर्ण चालू ठेवून.