ट्रॉलीतला मुक्काम आणि सुखाची झोप

आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, चैत्रात शिखर शिंगणापूर, कोजागरीला तुळजापूर. मालाच्या ट्रॉलीवर बांबूच्या कमानी बांधायच्या, वर ताडपत्री ओढायची आणि तिचे चार दिवसांचे घर करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. परदेशात लोक यासाठी मोठा खर्च करतात म्हणे! पण यात्रा झाली की पुढच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते, हेही तितकेच खरे.

निघण्यापूर्वी ट्रॉली धुऊन घ्यावी. तिच्यातून खताची पोती, फवारणीचे डबे गेलेले असतात. नुसत्या झाडण्याने तो अंश जात नाही. साबणाच्या पाण्याने पत्रा घासून दिवसभर उन्हात वाळू द्यावा.

आता अंथरूण. ‘पाठ दुखते ना, मग उघड्या फळीवर झोपा’ हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले. कारण सोपे आहे. कुशीवर झोपले की अंगाचा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. पत्र्यावर तेथे कळ लागते आणि माणूस रात्रभर कूस बदलतो. फार मऊ अंथरुणात उलट कंबर खाली खचते.

ट्रॉलीत हे साधायला फोमच हवा असे नाही. कडब्याच्या पेंढ्या सोडून सारख्या पसराव्यात, पायाने दाबाव्यात. दाबल्यावर थर चार बोटे राहावा. वर सतरंजी आणि दोन गोधड्या. मग उताणे पडून कमरेखाली हात घालून पाहावा. तो सहज आरपार गेला तर अंथरूण टणक, मुळीच शिरला नाही तर फार मऊ. कडबा मात्र काळा पडलेला, बुरसट वासाचा नको. दम्याच्या माणसाला त्या धुळीने रात्रीच धाप लागते. गार पत्र्यामुळे खालच्या बाजूला ओल धरते, म्हणून तळाला प्लॅस्टिकचा कागद घालावा आणि अंथरूण रोज उन्हात टाकावे.

कार्तिकीच्या थंडीत ताडपत्री चारी बाजूंनी आवळून आत कोळशाची शेगडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. हे जिवावरचे काम आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. निखारे विझत आले म्हणून धोका टळत नाही. जनरेटर किंवा चालू ट्रॅक्टरचा धूरही तसाच. थंडीला सोलापुरी चादर दुहेरी करून घ्या. ताडपत्रीच्या दोन समोरासमोरच्या बाजू वीतभर उघड्या राहू द्या.

१० बाय ६ फुटांच्या ट्रॉलीत आडवे पाच जण नीट झोपतात. आठ कोंबले तर एकाचाही डोळा लागत नाही. ट्रॅक्टरपासून सोडवलेली दोनचाकी ट्रॉली मागे भार गेला की उलटते. ती जोडूनच ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि हायड्रॉलिकच्या दांड्याजवळ मुलांना फिरकू देऊ नये. ट्रॉलीखाली कोणी झोपू नये. चालत्या ट्रॉलीत तर मुळीच नाही. मालवाहू वाहनातून माणसे नेणे कायद्यालाही मंजूर नाही. सामान ट्रॉलीने, माणसे एस.टी.ने, हेच मी सर्वांना सांगतो.

जागा नाही म्हणून जे जमिनीवर झोपतात त्यांनी मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अपचन समजून सोडा पाजत बसू नये, तडक सरकारी दवाखाना गाठावा.

राहिली म्हातारी मंडळी. मधुमेही आजोबा रात्री दोन-तीनदा उठणारच. त्यांची जागा मागच्या फाळक्याशी असावी, उतरायला भक्कम स्टूल आणि उशाला बॅटरी. चपला अंथरुणापाशीच ठेवाव्यात, म्हणजे अनवाणी पाऊल काट्यावर पडत नाही.