भालाईत मेला, की आपणच मारला?

आमच्या लॅबमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ‘बॅटल फॉर वेसनॉथ’चा डाव रंगतो. २००३ पासूनचा, फुकट मिळणारा मुक्तस्रोत युद्ध-खेळ. षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीने चाली. गेल्या महिन्यात मी एक भालाईत पुढच्या गावात एकटाच बसवला. रात्र झाली, चार ऑर्क आले, खेळ खल्लास.

“गावात साठ टक्के बचाव असतो, तरी मेला. नशीबच फुटकं!” मी म्हणाले. गाईड मॅडम मागेच उभ्या होत्या. “अगं, संभाव्यतेवर पीएचडी करतेस ना? मग आधी मोजून बघ.”

मोजलं, आणि लाज वाटली.

हिशेब सोपा आहे. भालाइताची हेल्थ ३६. ऑर्किश ग्रंट एका हल्ल्यात दोन वार करतो, प्रत्येकी ९ चा. रात्री ऑर्कांना २५ टक्के जास्त जोर चढतो, म्हणजे ११. तीन वार लागले तर ३३, भालाईत वाचला. चौथा लागला की संपला. मग प्रश्न एवढाच उरतो: एका टर्नमध्ये किमान चार वार लागण्याची शक्यता किती? प्रत्येक वार लागण्याची शक्यता माळावर ६० टक्के, गावात ४० टक्के. आता हल्लेखोर किती, ते बघू:

दोन ग्रंट: माळावर १३ टक्के, गावात ३ टक्के.
तीन ग्रंट: माळावर ५४, गावात १८.
चार ग्रंट: माळावर ८३, गावात ४१.

म्हणजे माझा भालाईत मरण्याची शक्यता ४१ टक्के होती. त्यात नशिबाचा काय दोष? आणि आणखी एक बघा: उघड्या माळावर दोघांच्या तोंडी असलेला भालाईत (१३) गावात तिघांच्या तोंडी असलेल्यापेक्षा (१८) सुरक्षित आहे! आळीपाळीच्या खेळात शत्रू त्याच्या टर्नला सगळं सैन्य हलवतो, आणि ते एकावरच तुटून पडू शकतं. म्हणून चांगली जागा शोधण्याआधी शेजारची मोकळी घरं मोजायची.

ही घरं कमी कशी करायची? इथे ‘झोन ऑफ कंट्रोल’ कामाला येतो. शत्रू तुमच्या भालाइताच्या शेजारच्या घरात शिरला की त्याची त्या टर्नची चाल तिथेच संपते. कागदावर षटकोन काढून पडताळून बघा:

१. षटकोनांच्या सरळ ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहिलात, तर मधल्या प्रत्येकावर दोनच घरांतून हल्ला होतो.

२. मध्ये एकेक घर रिकामं सोडलंत, तरीही दोनच! फटीसमोरची दोन्ही घरं तुमच्या ताब्यातली, त्यामुळे शत्रू फटीपर्यंत त्याच टर्नमध्ये पोचत नाही. निम्म्या माणसांत तेवढीच रांग.

३. दोन घरं सोडलीत तर शत्रू पलीकडे जात नाही, पण फटीत शिरतो. आता चार घरांतून मार बसतो.

४. रांग नागमोडी झाली तर पुढे आलेल्यावर तीन घरांतून, मागे राहिलेल्यावर एकाच घरातून हल्ला. जखमी माणूस मागच्या खाचेत ठेवा.

फटीच्या रांगेत धोकेही आहेत. एक भालाईत पडला की त्याचा दरारा संपतो आणि उरलेले शत्रू त्याच टर्नमध्ये आत घुसतात. आधीपासून शेजारी चिकटलेला शत्रू पुढच्या टर्नला एक पाऊल टाकून फटीत येतो. आणि ‘स्कर्मिशर’ जातीच्या शिपायांना हा दरारा लागूच नाही. टोकांचीही काळजी घ्या: ती नकाशाच्या कडेला टेकवा, नाहीतर वळसा ठरलेलाच.

शेवटचं म्हणजे वेळ. दिवसा ऑर्कांचा वार ९ वरून ७ वर येतो. मग भालाईत मारायला सहा वार लागतात, आणि दोन ग्रंटांकडे असतात चार. दोनच घरं उघडी असतील तर ते त्याला मारूच शकत नाहीत. म्हणून रात्री मागे सरून रांग धरा, उजाडलं की पुढे जा.

मागच्या शुक्रवारी रात्रीच्या टर्नला मी भालाईत माळावर, दोघांच्याच तोंडी ठेवला. चारही वार लागले. १३ टक्के म्हणजे शून्य नव्हे! पण या वेळी नशिबाला बोल लावला, तेव्हा मॅडम काही बोलल्या नाहीत.