मांजराचं पिल्लू घरी येण्याआधी: गिऱ्हाइकाला काय द्यायचं आणि काय विकायचं नाही

किराणा, स्टेशनरी किंवा मेडिकलच्या दुकानात पेट कॉर्नर कसा सुरू करायचा, हा विषय आपण व्हिडिओत घेतला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. कुत्र्याचं सामान कळतं, पण "उद्या मांजराचं पिल्लू आणतोय, काय काय लागेल?" असं विचारत कुणी आलं, तर पुढे काय ठेवायचं? व्हिडिओत ते सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुम्ही दुकानदार नसाल आणि स्वतःच पिल्लू आणणार असाल, तरी वाचा. यादी तीच आहे, फक्त काउंटरच्या पलीकडून.

आधी धंद्याचं गणित. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणजे आज बिल करणारं गिऱ्हाईक पुढची बारा वर्षं दर महिन्याला खाणं आणि लिटर न्यायला येऊ शकतं. पण पहिल्या पंधरा दिवसांत पिल्लू दगावलं, तर ते गिऱ्हाईक तर जातंच, आणि सोसायटीतल्या दहा जणांना "पिल्लू जगत नाही" असं सांगून जातं. त्यामुळे पहिल्या बिलात किती रुपये निघाले याला फार अर्थ नाही.

बिल करायच्या आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, पिल्लाचं वय किती? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडूच नये, दहा-बारा आठवडे झाले असतील तर आणखी चांगलं. लोकांना वय माहीत नसतं, ते फोटो दाखवतात. डोळे नुकते उघडलेत, चालताना लडखडतंय, असं दिसलं तर किट विकायला बसू नका. इतक्या लहान पिल्लाला दर दोन-चार तासांनी पिल्लांसाठीचं खास दूध, ऊब, आणि शी-शू करण्यासाठीसुद्धा मदत लागते. हे काम डॉक्टरांकडून शिकून घ्यायचं आहे. तुमच्याकडे खास दूध असेल तर द्या, पण नंबर डॉक्टरांचा द्या.

दुसरा, आत्ता ते काय खातंय? आणि तिसरा, घरात आधी मांजर आहे का, किंवा होतं का? तिसरा प्रश्न विचारायला थोडं अवघड वाटतं. त्यावर पुढे येते, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

खाणं

आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी. गाईचं-म्हशीचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, त्यातली साखर पोटात राहते आणि जुलाब होतात. मोठं मांजर जुलाब झेलतं. अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू दोन दिवसांच्या जुलाबाने कोरडं पडतं आणि हाताबाहेर जातं. पिल्लू खायला लागलेलं असेल तर दूध लागत नाही, स्वच्छ पाणी लागतं. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, घरी आजी ऐकणार नाही असं ते म्हटलं तरी सांगा.

पाकिटावर "किटन" लिहिलेलं खाणंच द्या. घरात कुत्रा असला की लोक विचारतात, त्याचंच थोडं घातलं तर चालेल का? नाही चालणार. मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, तो मांसातून येतो. पुरेसा टॉरिन तिचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि कुत्र्याच्या खाण्यात तो मांजराच्या गरजेइतका असेलच असं नाही. महिनोन्‌महिने तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी हा हृदयाचा संबंध दाखवून दिला, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं. शाकाहारी घरातलं गिऱ्हाईक आलं तर त्याला भाषण देऊ नका. मांजर शाकाहारावर जगत नाही एवढं शांतपणे सांगा. पाकिटातलं कोरडं खाणं बहुतेक घरं मान्य करतात.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे वापरायचं. पिल्लू आधी जे खात होतं त्याचंच एक छोटं पाकीट द्या, आणि नवीन खाणं सात दिवसांत हळूहळू मिसळत वाढवायला सांगा. जागा बदलली, आई गेली आणि वर खाणंही बदललं, तर पोट बिघडणारच. म्हणून पहिल्या दिवशी तीन किलोची बॅग गळ्यात मारू नका. पिल्लाने ते तोंडातच घेतलं नाही, तर ती बॅग बघून गिऱ्हाइकाला रोज तुमची आठवण येईल, आणि ती चांगली नसेल.

सुट्टं खाणं विकण्याबद्दल माझं मत कडक आहे. मोठी गोणी फोडून पाव-पाव किलोच्या पिशव्या बांधल्या की बॅच नंबर आणि एक्स्पायरी दोन्ही गेलं. त्यातली चरबी हवेने खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते. मार्जिन बरं सुटतं हे मला माहीत आहे. तरी पिल्लासाठी नको. घरीसुद्धा मूळ पिशवीतच ठेवायला सांगा, तोंडाला चिमटा लावून.

भांडी साधी स्टीलची उथळ ताटली आणि वाटी. पाणी खाण्यापासून थोडं लांब, आणि दोन्ही लिटरपासून बरंच लांब. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला घालायचं.

लिटर

इथे नवीन दुकानदार सगळ्यात जास्त गोंधळतात. बाजारात सगळ्यात जास्त चालतं ते बेंटोनाइट, म्हणजे ओलं झालं की गोळा होणारी माती. आपल्याकडे ती मुख्यतः कच्छमधून येते. मोठ्या मांजरासाठी उत्तम आणि स्वस्त. पण लहान पिल्लू सगळं चाखून बघतं. फुगणारी माती पोटात गेली तर तिथेही फुगते. म्हणून पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत गोळा न होणारं लिटर द्या, लाकडाच्या किंवा कागदाच्या पेलेट्स. टोफू लिटर सोयाबीनच्या चोथ्यापासून बनतं, त्याचाही गोळा होतो, पण मातीपेक्षा बरं. कुणाला परवडत नसेल तर कागदाचे कपटे हाही पर्याय सांगा. बांधकामावरची वाळू आणायची असेल तर चाळून, कडक उन्हात वाळवून, आणि भटकी मांजरं त्यात घाण करत नाहीत ना हे बघून. वास मारलेलं सुगंधी लिटर माणसाला आवडतं, मांजराला नाही. ते ट्रे सोडून सोफ्यामागे जातं.

ट्रेची एक बाजू पिल्लाला पाय टाकून आत जाता येईल इतकी खाली हवी, दोन-तीन इंच पुरे. झाकणवाला महागडा ट्रे पिल्लाला नको. लिटर दोन इंच जाडीचं पसरायचं. चमचा म्हणजे स्कूप विसरू नका, लोक हमखास विसरतात आणि रात्री नऊला फोन करतात.

घरात कुणी गरोदर असेल तर घरची मोठी माणसं मांजराला विरोध करतात. त्यामागे टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, भीती अगदीच खोटी नाही. पण शीमधून पडलेला तो परजीवी लगेच लागण करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर रोजच्या रोज साफ करायचं, आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्या कुणी करायचं. बाकी शंका त्यांच्या डॉक्टरांना विचारू द्या. आपण दुकानदार आहोत.

आणायचं कशातून

गाडीच्या हँडलला अडकवलेल्या कापडी पिशवीतून पिल्लू आणणारे लोक मी दर आठवड्याला बघते. हॉर्न वाजला की पिल्लू उडी मारतं आणि चाकाखाली जातं. प्लॅस्टिकचा कडक कॅरिअर, जाळीचं दार, शक्य तर वरूनही उघडणारा, हा या यादीतला एकमेव महाग माल आहे आणि तो मी आग्रहाने विकते. तो मोठ्या मांजराच्या मापाचा घ्यायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांत दुसरा घ्यावा लागतो. आत जुनी गोधडी टाकायची. पिल्लाच्या आईजवळ एक फडकं दोन दिवस ठेवून ते आत घातलं तर आणखी छान, वास ओळखीचा असला की पहिली रात्र रडारड कमी होते. घरी आल्यावर दार काढून ठेवलं की तोच कॅरिअर त्याचं अंथरूण होतो. त्यामुळे फरवाला बेड पहिल्या दिवशी विकायचा नाही. पुढे घेतील, हौसेने घेतील.

नखं घासायला काथ्या किंवा सुतळी गुंडाळलेला खांब लागतो. तो हलता कामा नये, आणि मोठं मांजर पुढचे पाय ताणून उभं राहील इतका उंच, साधारण तीन फूट हवा. जवळच्या सुताराकडून करून घेतलात तर स्वस्त पडतो आणि तुम्हालाही बरं सुटतं. खेळण्यात लोकरीचा गुंडा आणि सुटा दोरा नको. गिळलेला दोरा आतड्याला कापतो, ऑपरेशनच करावं लागतं. घरात शिवणकाम असेल तर सुई-दोरा डब्यात बंद.

जे विकायचं नाही

कुत्र्याच्या गोचीड-पिसवांची औषधं मांजरासाठी मागणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे नक्की येणार. पाठीवर सोडायच्या कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात आणि जीव जातो. पाकिटावर मांजराचं नाव आणि वय-वजन छापलेलं नसेल तर विक्री नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो. मी ही औषधं मांजराच्या रॅकपासून वेगळी ठेवते. पिल्लाला बारीक दातांची पिसवांची फणी द्या, बाकी डॉक्टर बघतील. पहिल्या आठवड्यात शाम्पूही नको, आंघोळीने पिल्लू गारठतं.

मेडिकलवाल्यांनो, खास तुमच्यासाठी: पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. "थोडा ताप वाटतोय, अर्धी देऊ का?" असं कुणी विचारलं तर तिथेच थांबवा.

घर तयार करायचं म्हणजे सामान आणायचं तसं काही काढायचंही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, फरशी पुसायचं काळं फिनाइल (मांजर पंजे चाटतं, आणि फिनॉल तिच्या शरीराला पचवता येत नाही), आणि गुच्छातली लिली. लिलीचे पराग अंगावर पडले आणि चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बाल्कनीच्या जाळीबद्दल विचारा. ग्रिल आहे म्हणतात, पण जिथून डोकं जातं तिथून पिल्लू जातं. जाळी लावणाऱ्याचा नंबर काउंटरवर ठेवा, कमिशन घेऊ नका.

आता तो तिसरा प्रश्न

दुकानात अधूनमधून कुणीतरी जवळजवळ नवा कॅरिअर, ट्रे, बेड परत घेऊन येतं. "पिल्लू गेलं हो ताई, कुणाला तरी द्या." चांगल्या मनाने देतात. पण पिल्लं मोठ्या प्रमाणावर जातात ती पॅनल्यूकोपेनियाने. मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो. उलट्या, जुलाब, दोन-तीन दिवसांत संपतं. त्याचा विषाणू घरात आणि सामानावर वर्षभरसुद्धा टिकू शकतो, फिनाइल किंवा हँड सॅनिटायझरने मरत नाही. तो ट्रे तुम्ही दुसऱ्या घरी दिलात तर आजारही दिलात.

म्हणून मी वापरलेला माल घेत नाही आणि पुढे देत नाही. ज्या घरात नुकतंच पिल्लू किंवा मांजर या आजाराने गेलंय, तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच न्यायचं नाही. हे ऐकताना समोरचा माणूस दुःखात असतो, त्याला दुसरं पिल्लू आजच हवं असतं, आणि किट विकून टाकणं सोपं असतं. नका विकू. कापडी सामान टाकून द्यायला सांगा. प्लॅस्टिक आणि फरशी आधी साबणाने धुऊन मग ब्लीचने, एका भागाला साधारण तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून, पुन्हा धुऊन वाळवायची. नवीन पिल्लू कधी आणायचं ते डॉक्टर ठरवतील.

लसीचं साधं वेळापत्रक काउंटरवर लावून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांपासून तिहेरी लस, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वजनावर, डॉक्टरांकडून. पिल्लू घरी आलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणायचं. पिल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर तेवढीही वाट बघायची नाही.

नियमाचंही सांगते. दुकानात प्राणी विकायचे असतील तर 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मी फक्त सामान विकते, आणि नवीन लोकांनाही तेच सुचवते.

तर पहिल्या बिलात हे येतं: कॅरिअर, ट्रे, स्कूप, पिल्लाला चालणारं लिटर, सवयीच्या खाण्याचं छोटं पाकीट, दोन भांडी, फणी, एक खेळणं. खांब पुढच्या आठवड्यात. पट्टा-घुंगरू, बेड, शाम्पू, कपडे यातलं काही नाही. पडून राहिलेला माल कॉम्बोत ढकलायचा मोह होतो, पण कॉम्बो उघडून बघणारं गिऱ्हाईक आता फोनवर सगळं तपासतं. बिलाच्या मागे पिल्लाचं वय आणि आणण्याची तारीख लिहून घ्या आणि चौथ्या दिवशी फोन करा. खातंय का, ट्रेमध्ये जातंय का, डॉक्टरांना दाखवलं का, एवढेच तीन प्रश्न. माल विकायचा विषय त्या फोनवर काढू नका.