चिमण्यांसाठी करवंटी टांगा

थंडीच्या देशांत पक्ष्यांसाठी चरबीत दाणे थिजवून गोळे टांगतात. आपल्या रावेरच्या 45 अंशांच्या उन्हात ती चरबी वितळेल, पिसांना चिकटेल. आपल्याकडे करवंटीच बरी!

🥥 नारळाच्या अर्ध्या करवंटीला काठाशी तीन भोकं पाडा, सुतळी ओवा.
🌾 तळाला एक बारीक भोक ठेवा, म्हणजे पाणी साचून दाणे कुजणार नाहीत.
🐦 ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभर घाला. मीठ-तेलाचं काही नको.
🍌 शेजारी पिकलेलं अर्धं केळं टांगा. बुलबुल, साळुंकी येतात.
💧 सावलीत पाण्याचं उथळ परळ ठेवा, त्यात बसायला एक दगड. पाणी रोज बदला.

मांजर पोचणार नाही अशी जागा निवडा. आजच एक करवंटी टांगा!