उलट दिशेची मनीऑर्डर

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग संपता संपत नाही. कोकण रेल्वेच्या जादा गाड्याही भरून वाहतात. चाकरमानी गावाला निघालेला असतो. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपं निघतात, अंगणं सारवली जातात, भजनाच्या बाऱ्या ठरतात. विसर्जन झालं की आठवड्याभरात पुन्हा कुलुपं.

हे दृश्य इतकं ओळखीचं आहे, की शिकलेल्या तरुणांच्या स्थलांतराबद्दलची आपली बरीच मतं त्यावरूनच बनली आहेत. पोरगा शहरात जातो, पैसा गावाला येतो, सणाला घर भरतं, असा तो हिशेब. पण हा हिशेब गिरणी कामगाराचा आहे. पदवीधराचं जाणं निराळं, आणि त्याचे गावावर आणि जिल्ह्यावर होणारे परिणामही निराळे.

‘पोरगा पैसे पाठवतो, मग नुकसान कसलं?’

रत्नागिरी जिल्हा एके काळी मनीऑर्डरवर चालतो असं म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. मुंबईत परळ-लालबागच्या एकेका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार राहायचे, खाणावळीत जेवायचे, पाळीनुसार झोपायचे. बायको, मुलं, म्हातारे आईवडील गावीच. संसार गावात होता म्हणून पगाराचा मोठा वाटा गावात यायचा. वाण्याची उधारी, कौलं, बैलजोडी, बहिणीचं लग्न, सगळं त्यातून निभायचं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला. टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली, पण गावाकडे येणारा ओघ त्याच्या कितीतरी आधी आटू लागला होता.

आजचा इंजिनिअर वाकडला किंवा डोंबिवलीला फ्लॅट घेतो. त्याची बायको तिथेच नोकरी करते, मुलं तिथल्याच शाळेत जातात. वीस वर्षांचा हप्ता शहरातल्या बँकेत, किराणा शहरातल्या दुकानात, दवाखाना शहरातला. आईवडिलांना औषधपाण्यापुरते पैसे जातात, आणि वय झालं की तेही मुलाकडे राहायला येतात. गावात उरतं ते कुलूप.

त्याआधीची चार-पाच वर्षं तर पैसा सरळ उलट्या दिशेने वाहिलेला असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका, क्लासची फी. हे पैसे यवतमाळच्या कापसातून, लातूरच्या सोयाबीनमधून, बीडच्या एखाद्या शिक्षकाच्या पगारातून येतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी किंवा फ्लॅटच्या पहिल्या रकमेसाठी जमिनीचा तुकडा विकला जातो, तेव्हा गावाचं भांडवलच शहरात जातं. जन्मापासून पदवीपर्यंत एका माणसाला घडवण्याचा खर्च गाव, जिल्हा परिषदेची शाळा आणि आईबाप करतात. कमावण्याची पस्तीस वर्षं शहराच्या वाट्याला येतात. खरं नुकसान हे आहे, आणि सणाच्या गर्दीत ते दिसत नाही.

परदेशातल्या पैशाबद्दलही असंच सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आली. केरळचा वाटा १९.७ टक्के, म्हणजे आपण पहिले. पण तो आकडा राज्याचा आहे. त्यातले मुंबईच्या खात्यांत किती पडले आणि देवरुखला किंवा औंढ्याला किती पोचले, हे त्यावरून कळत नाही. राज्याच्या बेरजेवरून जिल्ह्याची स्थिती ठरवणं ही मुळातच चूक आहे.

‘मागासलेपणामुळे माणसं जातात’

२००१ ते २०११ या दशकात राज्यात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. त्यातला एक खुद्द मुंबई शहर. उरलेले दोन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गात साक्षरता ८५ टक्क्यांवर होती, राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. साक्षरतेत सर्वांत मागे असलेल्या नंदुरबारची लोकसंख्या मात्र त्याच दशकात सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. जन्मदरातला फरक यात आहेच. पण रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि जन्मदर कितीही कमी धरला तरी त्याने या प्रमाणाचा उलगडा होत नाही. पुरुष बाहेर होते, हेच त्याचं उत्तर.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या टोळ्या आणि नोकरीसाठी जाणारे पदवीधर यांना ‘स्थलांतर’ या एकाच शब्दात कोंबलं जातं. टोळी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतते. तिच्या जाण्यामागे पोटाची निकड असते. पदवीधराच्या जाण्याला हंगाम नसतो. त्याच्यामागे निकडीपेक्षा ऐपत असते, आणि ती ऐपत शिक्षणाने दिलेली असते.

‘गावात कॉलेज काढलं की मुलं थांबतील’

या गैरसमजावर महाराष्ट्राने चाळीस वर्षं खर्च केली आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि शेगाव, इस्लामपूर, लोणी अशा ठिकाणी कॉलेजं उभी राहिली. त्याआधीही कराड, अमरावती, नांदेड इथे इंजिनिअरिंगचं शिक्षण होतंच. या निर्णयाने शेतकऱ्यांच्या, छोट्या नोकरदारांच्या मुलांना अभियंता होण्याची वाट मोकळी झाली. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिला कमी लेखू नये. पण कॉलेज मुलाला बांधून ठेवत नाही, ते त्याच्या हातात तिकीट देतं. शेगावात शिकलेल्या संगणक अभियंत्याला शेगावात काम नसेल, तर तो हिंजवडीची बस धरणारच.

थांबवतात ते उद्योग, आणि तेही एकमेकांना धरून वाढणारे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना आला. कारखान्याला सुटे भाग लागत होते, म्हणून भोवती लघुउद्योग उभे राहिले. एन्ड्युरन्ससारख्या आज देशाबाहेरही पसरलेल्या कंपनीची सुरुवात याच शहरातली. इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज तिथे १९६० पासून होतं. पण कॉलेज आणि काम एका गावात आल्यावरच जालना-परभणीच्या मुलांना पुण्याआधी उतरण्यासारखं एक स्टेशन मिळालं. असं स्टेशन मराठवाड्यात आणखी एखादंही भक्कमपणे उभं राहिलं नाही, हे धोरणाचं अपयश आहे.

‘गावात काम आहे, पोरांनाच नको आहे’

देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत आज राखणीपासून काढणीपर्यंत नेपाळी गडी दिसतात. मच्छीमार बोटींवरही तेच. बाहेरची माणसं येऊन कमावतात आणि आमची पोरं मुंबईला पळतात, हे वाक्य मग ओघानेच येतं.

काम आहे हे खरं. पदवीचं काम नाही, हेही तितकंच खरं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. याचा अर्थ शिकून चूक झाली असा नव्हे. शिकलेल्याला त्याच्या शिक्षणाजोगं काम हवं असतं, त्यासाठी तो थांबून राहतो, आणि त्याच्या जिल्ह्यात ते काम तयारच झालेलं नसतं. आंबा पेटीत भरून वाशीला पाठवायला पदवी लागत नाही. त्याची प्रतवारी, शीतसाखळी, निर्यातीची तपासणी, विक्री हे सगळं जिल्ह्यात झालं, तर कृषी पदवीधर, रसायनशास्त्राचे पदवीधर, हिशेबनीस, संगणकवाले असे सगळे लागतात.

नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी आहे. तिचे संस्थापक विलास शिंदे हे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झालेले. ते शेतीकडे वळले, त्यात त्यांना सुरुवातीला मोठा तोटा झाला, आणि पुढे त्यांनी शेतकऱ्यांच्या मालकीची ही कंपनी उभारली. द्राक्षाच्या निर्यातीत ती आज देशात आघाडीवर आहे. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. घराकडे वळलेला पदवीधर म्हणजे हरलेला, असं मानणाऱ्या घरांनी हे उदाहरण जरूर पाहावं. शहरातून परतणाऱ्याला ‘तिकडे जमलं नाही वाटतं’ असं विचारलं जातं, आणि त्या एका प्रश्नाने कितीतरी जण परतीचा विचार मनातच जिरवतात.

‘मुली लग्नासाठीच गाव सोडतात’

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यांतले बासष्ट टक्के आपल्याच जिल्ह्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेले, आणि त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियाच मोठ्या संख्येने. २०२०-२१ च्या सरकारी श्रमबळ पाहणीतही स्थलांतरित स्त्रियांपैकी जवळपास ८७ टक्के जणींचं कारण ‘विवाह’ असंच नोंदलं गेलं.

पण हिंगोलीची एक मुलगी बी.ई. होते, पुण्यात नोकरी करणारा मुलगा पसंत करते, आणि लग्नानंतर दोन महिन्यांत स्वतःही हिंजवडीत रुजू होते. नोंद काय होते? विवाह. जिल्ह्याने एक अभियंता गमावली, ही गोष्ट कागदावर येतच नाही. तिने शहरातलंच स्थळ का निवडलं, हेही कुणी विचारत नाही. घरातल्या कामाचा भार, प्रवासाची सोय, संध्याकाळी सातनंतर एकटीने बाहेर पडण्याची मोकळीक यांचा या निवडीत मोठा वाटा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्या बातमीवर पुष्कळ जण हसले. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही त्या तरुणांची व्यथा होती, आणि पदवीधर मुली आधीच निघून गेलेल्या जिल्ह्यांमध्ये ती रोजच्या जगण्यातली आहे.

इथली जिल्ह्यांची आकडेवारी मुख्यतः २०११ ची आहे, कारण तिच्यानंतर जनगणना झालेली नाही. तेव्हा सहावीत असलेली मुलं आज नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येऊन ‘गाव का सोडलं’ असं विचारतील, तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाने सगळ्यांच्या वतीने एकच कारण सांगून मोकळं होऊ नये. जी मुलगी नोकरीसाठी आली तिने नोकरी असंच लिहवून घ्यावं, आणि जो शिक्षणासाठी आला त्याने शिक्षण.