फाइल-सिस्टिमचा ‘ब्लॉक’ : एक माप की अनेक?

नगर जिल्ह्यात ‘ब्लॉक’ हा शब्द संगणकाच्या पुष्कळ आधी, पाटाच्या पाण्याबरोबर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धती सुचविली. इकडे एक शेत, तिकडे एक शेत असे पाणी नेले म्हणजे ते चाऱ्यांतच मुरते. म्हणून सलग क्षेत्र ठरवून त्यास पाणी द्यावे, हा तिचा गाभा होय. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाखालील प्रवरेच्या कालव्यांवर हा शब्द रूढ झाला.

संगणकाच्या तबकडीची अडचण याच जातीची आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो. हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. शीर्ष सरकविण्याचा वेळ निराळाच. एवढ्या खटाटोपानंतर केवळ ५१२ बाइट उचलणे म्हणजे एका वाफ्यासाठी कालवा सोडणे होय. बर्कली येथील मॅक्युसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात याचा हिशेबच मांडला आहे. ५१२ बाइटांचे ब्लॉक वापरणाऱ्या मूळ युनिक्समध्ये तबकडीच्या वहनक्षमतेपैकी जेमतेम २ टक्के उपयोगात येत असे. ब्लॉक किमान ४,०९६ बाइटांचा करून व फाइलीचे भाग जवळजवळ ठेवून त्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत नेले.

परंतु मोठ्या ब्लॉकात लहान फाइलींची जागा वाया जाते. म्हणून त्यांनी ब्लॉकाचे तुकडे करण्याची सोय ठेवली, आणि येथेच ‘ब्लॉक’ या एका शब्दाचे अनेक अर्थ झाले. फाइल-सिस्टिमचा ड्रायव्हर आज निरनिराळ्या प्रश्नांना निरनिराळे आकडे देतो. जागा कोणत्या लहानात लहान मापाने वाटली जाते, हा एक प्रश्न. एका खेपेस किती वाचणे वा लिहिणे सोयीचे, हा दुसरा. ‘स्टॅट’ या आवाहनाच्या उत्तरातील पसंतीचे माप ते हेच. फाइलीने किती जागा व्यापली, हा तिसरा; त्याचे उत्तर लिनक्सवर नेहमी ५१२ बाइटांच्या एककात येते, मग फाइल-सिस्टिमचा ब्लॉक कितीही असो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. राहुरी परिसरातील एखादे हवामान-केंद्र दर दहा मिनिटांस ६४ बाइटांची एक नोंद करते असे समजा. वर्षाच्या ५२,५६० नोंदी, म्हणजे ३३,६३,८४० बाइट झाले. एकेक नोंद स्वतंत्रपणे मागितल्यास कर्नलला ५२,५६० वेळा हाक मारावी लागेल. ४,०९६ बाइटांच्या बफराने ८२२ हाकांत काम भागते. कर्नल पुढचा मजकूर आधीच आणून ठेवीत असल्याने प्रत्येक हाक तबकडीपर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण हाकेचा स्वतःचा खर्च राहतोच. आता प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल केली, तर ४,०९६ बाइटांच्या ब्लॉकात सामान्यतः चौसष्टपट जागा लागेल. अशा एका फाइलीसाठी ‘व्यापलेले ब्लॉक ८’ असे उत्तर येते. त्यास पसंतीच्या मापाने गुणणारा विद्यार्थी ३२,७६८ बाइट असा निष्कर्ष काढील. वस्तुतः ती जागा ४,०९६ बाइटच आहे. ही आठपटीची चूक दिसावयास निरुपद्रवी असते, म्हणूनच ती टिकते.

उपकरणेही या बाबतीत नेहमी सरळ बोलत नाहीत. २०१० च्या सुमारास तबकड्यांचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटांचा होऊ लागला. तथापि जुन्या प्रणालींची सोय म्हणून पुष्कळ तबकड्या बाहेर ५१२ हाच आकडा सांगत राहिल्या. जुन्या रिवाजाप्रमाणे पहिले विभाजन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. ६३ ला आठाने निःशेष भाग जात नाही. परिणामी फाइल-सिस्टिमचा प्रत्येक ब्लॉक दोन प्रत्यक्ष सेक्टरांवर पसरे. एक ब्लॉक लिहिण्यासाठी ते दोन्ही सेक्टर वाचून, त्यांतील काही भाग बदलून, ते पुन्हा लिहिणे भाग पडे. आता विभाजन २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात. लिनक्स कर्नलने २००९ च्या सुमारास व्यवहारातील व प्रत्यक्ष सेक्टर, तसेच किमान व इष्टतम माप, हे आकडे वेगवेगळे सांगण्याची सोय केली, ती याच गोंधळामुळे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मग पसंतीचे माप किती सांगावे? अनेक तबकड्यांवर पट्ट्यांनी मजकूर वाटला असेल, तर संपूर्ण पट्ट्याएवढे माप सांगणे तर्कशुद्ध वाटते. एक्सएफएस मात्र तसे सांगण्यासाठी स्वतंत्र पर्याय मागते. एरवी ती लहान मापच सांगते. ही सावधगिरी मला योग्य वाटते. हा आकडा पाहून काही ग्रंथालये प्रत्येक उघड्या फाइलीसाठी तेवढा बफर राखून ठेवतात. वरची मर्यादा घातलेली नसेल, तर १ मेगाबाइट हे उत्तर हजार उघड्या फाइलींसाठी जवळजवळ १ गिगाबाइट स्मृती अडवून बसेल, आणि त्यांतल्या बहुतेक फाइली कदाचित दोन-चारशे बाइटांच्याच असतील.